अंधार मागणारा निवडुंग

मित्रांनो, मी बिबवेवाडीतल्या एका गॅलरीत वाढलेला जुना निवडुंग आहे. निवडुंग म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काटे, वाळू आणि रणरणते ऊन येत असेल. यातले माझ्याकडे काहीच नाही. माझे अंग म्हणजे एकाला एक जोडलेली चपटी हिरवी पेरे. ती कुंडीच्या काठावरून खाली लोंबतात. अनोळखी माणसाला ती पानेच वाटतात, पण ते माझे खोड आहे. माझी फुले त्याच्या टोकांना येतात, गर्द राणी रंगाची.

माझे पूर्वज ब्राझील देशातल्या डोंगराळ जंगलात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर राहत. सालीच्या खाचेत साठलेला पालापाचोळा हीच त्यांची माती आणि पानांमधून गळून येईल तेवढेच त्यांचे ऊन. ते तिथून पुण्याला कसे आले, हे मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती कॅम्पातल्या एका शाळेच्या खिडकीपासून. तिथल्या रोझलिन टीचरांनी मला वाढवले होते. त्याच शाळेत कमरजहांबी मुलींना शिवणकाम शिकवत. त्या बिबवेवाडीला राहायला निघाल्या, तेव्हा टीचरांनी माझ्या पेरांचा एक तुकडा रुमालात गुंडाळून त्यांना दिला.

"नाताळात फुलतो हा. ख्रिसमस कॅक्टस म्हणतात याला," टीचर म्हणाल्या.

कमरजहांबींचे पती हुसेनभाई सुतार होते. त्यांनी एका जुन्या डब्याला बुडाशी भोके पाडली आणि मला त्यात लावून गॅलरीच्या कठड्यावर ठेवले. निवडुंगाला ऊन हवे आणि पाणी नको, अशी त्यांची समजूत. ती पुष्कळांची असते. दोन-तीन आठवड्यांत मी लालसर पडलो, माझी पेरे सुरकुतली. एका सकाळी कमरजहांबींनी कापडाचा पोत बघावा तसे माझे एक पेर चिमटीत धरून पाहिले.

"अहो, हा तहानलाय," त्या म्हणाल्या. घरात सगळे दखनी बोलत, मित्रांनो. तुमच्यासाठी मी ते मराठीत सांगतो आहे.

त्यांनी मला गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात आणले. तिथे सकाळचे कोवळे ऊन यायचे आणि दुपारी सावली असायची. वरची माती सुकली की पाणी मिळायचे. त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला मला पहिली फुले आली.

"नाताळचा पाहुणा दिवाळीलाच येऊन बसलाय," हुसेनभाई म्हणाले.

"फुलला ना, मग झालं," कमरजहांबी म्हणाल्या.

पुढची कित्येक वर्षे सुखाची गेली. कमरजहांबी घरीच शिवणक्लास घेऊ लागल्या. मुली मशीनवर बसायच्या आणि मी फुलांनी भरलो की त्यांचे टाके वाकडे जायचे. एकीने तर लग्नातल्या ब्लाउजसाठी माझ्या फुलाशी जुळवून कापड आणले होते. दरवर्षी कुणी ना कुणी माझा तुकडा मागून न्यायचे. बिबवेवाडीतच काय, कर्वेनगरच्या खिडक्यांमध्येही माझी भावंडे फुलू लागली.

मग एका उन्हाळ्यात कमरजहांबी मशीनवर बसल्या असतानाच एका बाजूला कलल्या. अर्धांगवायूचा झटका होता. इस्पितळातून परत आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला असायचा आणि उजवा पाय ओढत टाकावा लागायचा. बोलणे संथ झाले होते, पण शाबूत होते. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम म्हणून एक मऊ चेंडू दिला. "आत्ता हालचाल केली नाही तर बोटं आखडतील, मग काही करता येणार नाही," असे त्यांनी बजावून सांगितले होते.

कमरजहांबी चेंडू हातात घ्यायच्या आणि घरंगळू द्यायच्या. सून नजमा तो उचलून पुन्हा त्यांच्या हातात ठेवायची.

"अम्मी, एकदा दाबा तरी."

"चेंडूचं काय शिवायचंय मला?" त्या म्हणायच्या. शिवणक्लास बंद झाला. मशीनवर चादर पडली.

त्या काळात माझेही दिवस फिरले. कमरजहांबींना रात्री उठावे लागे, त्या अंधारात अडखळू नयेत म्हणून हुसेनभाईंनी त्यांच्या खोलीला लागून असलेल्या गॅलरीत ट्यूबलाइट लावली. ती रात्रभर जळत राहायची. घरातले सगळे कमरजहांबींच्या मागे धावत असल्यामुळे माझी काळजी नजमाकडे आली. ती बिचारी न चुकता रोज मला पाणी घालायची. सासूबाईंचे झाड आपल्या हातून सुकू नये, एवढीच तिची इच्छा होती. माझी मुळे कुजू लागली हे तिला कसे कळावे? त्या हिवाळ्यात मला एकही कळी आली नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही नाही. येणारे-जाणारे म्हणू लागले, "काढून टाका आता. जागा अडवून बसलाय."

कमरजहांबी खुर्चीतून माझ्याकडे बघायच्या. "राहू दे," त्या एकदा म्हणाल्या. "दोघं बसून राहू." मला वाईट वाटले, कारण त्यात माया होती, पण आशा नव्हती.

मित्रांनो, अशा वेळी मदत कुठून येईल सांगता येत नाही. आमच्याकडे ती तक्रार घेऊन आली. खालच्या मजल्यावर मंदाकिनीबाई राहत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. एका दुपारी त्यांनी दार वाजवले.

"आमच्या गॅलरीत पाऊस पडतोय," त्या नजमाला म्हणाल्या. "बाहेर ऊन आहे, म्हणून चौकशीला आले."

नजमा ओशाळली. माझ्या कुंडीतून पाणी खाली ठिबकत होते. ती त्यांना गॅलरीत घेऊन आली. मंदाकिनीबाईंनी चष्मा लावला, कुंडीत बोट खुपसले, बोटाचा वास घेतला आणि तोंड वाकडे केले.

"याला पोहायला शिकवताय का?"

"फुलंच येत नाहीत, म्हणून जरा जास्त पाणी घालते," नजमा म्हणाली. "ख्रिसमस कॅक्टस आहे. अम्मींचा आहे."

मंदाकिनीबाईंनी माझ्या एका पेराच्या कडेवरून बोट फिरवले. "हा ख्रिसमसचा नाही. कुणी सांगितलं?"

आतून खुर्चीतून आवाज आला. "रोझलिन टीचरांनी. का?"

मंदाकिनीबाई आत गेल्या आणि कमरजहांबींसमोर स्टूल ओढून बसल्या. माझी कुंडी त्यांनी मांडीवर घेतली होती. "हे बघा, या पेराच्या कडेला दाते आहेत. टोकदार, खेकड्याच्या नांगीसारखे. खऱ्या ख्रिसमसवाल्याची कड गोलसर असते, नुसती लाटेसारखी. तो डिसेंबर-जानेवारीत फुलतो. तिसरा एक असतो, ईस्टरचा. त्याच्या पेरांच्या टोकाला केस असतात आणि फूल चांदणीसारखं उघडतं, उन्हाळ्याच्या तोंडावर. तुमच्या फुलातला पराग कोणत्या रंगाचा असायचा, आठवतंय?"

"पिवळा," कमरजहांबी लगेच म्हणाल्या. "हळदीसारखा. माझ्या ओढणीला लागायचा."

"मग शंकाच नको. ख्रिसमसवाल्याचा जांभळट असतो. हा महिनाभर आधी फुलणारा भाऊ. तुमचा वेळेवरच येत होता, नाव चुकीचं होतं."

कमरजहांबी हसल्या. फार दिवसांनी हसल्या होत्या. हुसेनभाई दारात उभे होते, ते तिथेच थांबून राहिले.

मग मंदाकिनीबाईंनी ट्यूबलाइटबद्दल विचारले. ती रात्रभर चालू असते हे कळल्यावर त्यांनी मान हलवली. "याला कळ्या धरायला थंडी लागते आणि लांब, काळोखी रात्र लागते. संध्याकाळपासून सकाळपर्यंत अंधार, असा दीड-दोन महिने. तुम्ही त्याची रात्रच काढून घेतलीत. पण त्याआधी मुळांचं बघू. सडलेली मुळं कापून, भुसभुशीत मातीत लावू. आणि हा नाहीच जगला, तर असावेत म्हणून वरचे तुकडे काढून ठेवू. सुरी लागत नाही. दोन पेरांच्या सांध्यावर धरायचं आणि पिळायचं."

त्यांनी सांधा धरायला हात पुढे केला, तेवढ्यात कमरजहांबी म्हणाल्या, "मी काढते." आणि डाव्या हाताने त्यांनी आपला उजवा हात उचलून माझ्यावर ठेवला.

"अम्मी, डाव्या हाताने करा," नजमा म्हणाली.

"डाव्याला येतंय ते. त्याला काय शिकवायचं?"

त्यांचा अंगठा माझ्या सांध्यावर आला. बोटे थरथरत होती. चिमटीत जोरच नव्हता. माझे पेर निसटले. पुन्हा निसटले. नजमा पुढे सरकली, तेव्हा मंदाकिनीबाईंनी तिच्या मनगटाला धरून तिला थांबवले. कपाळावर घाम आला, तरी कमरजहांबी सोडेनात. मला तर वाटत होते, आपणच तुटून पडावे. पण ते माझ्या हातात नव्हते. शेवटी अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटली, किंचित पीळ बसला आणि टक्‌ असा बारीक आवाज झाला. तुकडा त्यांच्या चिमटीत होता.

कमरजहांबींनी तो तुकडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "अजून किती काढायचेत?"

मित्रांनो, तुमच्या बोटांनाही पेरे असतात आणि मलाही. त्या आठवड्यात त्यांच्या बोटांची पेरे माझ्या पेरांवर शिकली. तुटलेले तुकडे सावलीत जखम सुकेपर्यंत ठेवले आणि मग वाळूमिश्रित मातीत खोचले. तेही कमरजहांबींनीच, एकेक करून. मीही जगलो. माझी कुजकी मुळे कापली तेव्हा दुखले, पण डबा जाऊन मातीच्या नव्या कुंडीत बसल्यावर मोकळा श्वास मिळाला.

पावसाळा संपला तशी रात्रीची अडचण समोर आली. ट्यूबलाइट बंद करायला हुसेनभाई तयार नव्हते. "झाडासाठी मी हिला पडू देऊ?" ते म्हणाले. त्यांचे काही चुकत नव्हते.

"दिवा राहू द्या. रोज संध्याकाळी कुंडी मागच्या कोठीच्या खोलीत ठेवा आणि सकाळी बाहेर आणा," मंदाकिनीबाईंनी तोड काढली.

"मी नेईन," कमरजहांबी म्हणाल्या.

हुसेनभाईंनी विरोध करून पाहिला. चालला नाही. गॅलरीपासून कोठीच्या खोलीपर्यंत निरोगी माणसाला मोजावीशीही वाटणार नाहीत इतकी थोडी पावले. कमरजहांबींना तो मोठा प्रवास होता. डाव्या हाताने भिंतीचा आधार, उजव्या हाताच्या कवेत मी. हुसेनभाई दोन्ही हात पसरून मागे चालायचे.

"मागे काय चालताय? वरात आहे का?" त्या विचारायच्या.

"मी माझ्या कामाला चाललोय," हुसेनभाई म्हणायचे आणि तसेच मागे चालत राहायचे.

एका संध्याकाळी व्हायचे तेच झाले. दाराच्या उंबऱ्याला त्यांचा पाय अडला. हुसेनभाईंनी त्यांना सावरले, पण मी सुटलो. कुंडीचे तुकडे झाले, माती सगळीकडे पसरली. कमरजहांबी जमिनीवर बसून राहिल्या. नजमाचे डोळे भरून आले. हे आता इथेच संपणार, असे तिला वाटले असणार. मलाही वाटले.

कमरजहांबींनी माती उजव्या हाताने एका जागी ओढायला सुरुवात केली. "दुसरी कुंडी आणा," त्या म्हणाल्या. "या वेळी प्लास्टिकची."

दुसऱ्या सकाळी त्यांनी मला पुन्हा बाहेर आणले. दिवाळीच्या आधी माझ्या टोकांवर लाल ठिपक्यांएवढ्या कळ्या दिसू लागल्या. मंदाकिनीबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "झालं काम. आता याला अंधारात न्यायची गरज नाही. जागाही बदलायची नाही, नाहीतर कळ्या गळतील."

सगळ्यांना आनंद झाला. कमरजहांबी मात्र म्हणाल्या, "मग संध्याकाळी मी काय करू?"

मंदाकिनीबाईंनी चष्मा पुसला. "माझ्याकडे खरा ख्रिसमसवाला आहे. गोल कडांचा. बघायचा असेल तर खाली या. जिना आहे, तुमच्याच इमारतीत आहे."

मी फुललो त्या संध्याकाळी कमरजहांबींनी आधी माझ्यासमोर बसून एकेक फूल नीट पाहिले. मग त्यांनी चपला मागितल्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्या स्वतःच्या पायांनी दाराबाहेर पडल्या. मी गॅलरीतून बघू शकत नव्हतो, पण जिन्यावरून एकेक पायरी उतरणारी त्यांची पावले मला ऐकू येत होती. एक पाऊल टेकायचे, दुसरे घासत यायचे. खूप वेळाने खालून मंदाकिनीबाईंचा आवाज आला, "या. उशीर केलात. चहा गार झाला."

त्यानंतर कमरजहांबी पुष्कळ वर्षे जगल्या. उजव्या हाताने पूर्वीसारखे बारीक शिवण त्यांना जमले नाही, पण कापड धरता येऊ लागले, मुलींना शिकवता येऊ लागले. रोज संध्याकाळी त्या खाली जात आणि मंदाकिनीबाईंच्या टोमण्यांसकट चहा पिऊन वर येत. आता त्या नाहीत. मी नजमाबरोबर वाघोलीच्या नव्या घरात आलो आहे. ती मला मोजून-मापून पाणी घालते. माझे खोड आता बुडाशी लाकडासारखे टणक झाले आहे, तरी फुले चुकत नाहीत.

मी ज्यांचे उपकार मानतो त्यांत नाव चुकीचे सांगणाऱ्या रोझलिन टीचर आहेत, मला उन्हात ठेवणारे हुसेनभाई आहेत आणि जास्त पाणी घालणारी नजमाही आहे. त्यांनी चुका केल्या, पण मला टाकून दिले नाही.

म्हणून एक मागणे मागतो. तुमच्या घरात फुलत नसलेले झाड असेल, तर ते फेकण्याआधी त्याच्या कडेवरून बोट फिरवा, त्याची ओळख करून घ्या, त्याला काय हवे ते विचारा. आणि मित्रांनो, घरातले कुणी आजारी माणूस थरथरत्या हाताने एखादे काम उचलू लागले, तर ते त्याच्या हातून काढून घेऊ नका. त्याला वेळ लागेल, काही सांडेल, काही फुटेलही. तुम्ही जवळ उभे राहा आणि त्याला ते करू द्या.