खाऱ्या बाजूला

बडोद्याच्या माणसाला पाणी दिसलं की आधी मगर दिसते. विश्वामित्रीला पूर आला की ती लोकांच्या अंगणात येऊन बसते, मग दुसरं काय दिसणार! त्यामुळे जामनगरकडच्या किनाऱ्यावर पक्षी अभयारण्य पाहायला गेलो, तरी माझे डोळे पाण्यावरच.

मधोमध मातीचा लांब बांध होता. एका अंगाला गोड्या पाण्याचं तळं, लव्हाळे, बदकं. दुसऱ्या अंगाला खाडीचा उघडा चिखल आणि त्यात चोच खुपसणारे बारीक पायांचे पक्षी. आमच्या ह्यांनी, म्हणजे बाळकृष्णरावांनी, नंदेसरीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला होता. तो गळ्यात अडकवून ते लव्हाळ्यात उतरायला निघाले.

"अहो, तिकडे नको! मगर असेल. त्या बाजूला जा ने, तिथे तर पाणीच नाही."

चौतीस वर्षांत माझा शब्द न ऐकलेला माणूस मुकाट्याने वळला आणि चिखलात लांबवर गेला. गंगेत घोडं न्हालं, मी म्हटलं.

मी चहा ओतत होते, तेवढ्यात चिखलातले पक्षी एकदम उडाले. बांधाजवळच्या ओघळीत पाणी चढत होतं. भरती! हे घाईने मागे फिरले आणि त्या ओघळीपाशी येऊन गुडघ्यापर्यंत रुतले. एक पाय उपसायला गेले, तर दुसरा मांडीपर्यंत गेला.

मी किंचाळले. आमचा गाइड हार्दिक जीपमधला दोर घेऊन धावत आला. "काका, ऊभा ना रहेता! ऊंधा सूई जाव!"

पण कॅमेरा भिजेल म्हणून हे दोन्ही हात वर करून उभेच. पाणी कमरेला लागलं. हा माणूस माझ्यामुळे जाणार, एवढंच डोक्यात होतं.

"अहो, पालथे व्हा! खड्ड्यात गेला तो कॅमेरा!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्यावर पालथे पडले. आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं. हार्दिकने दोर फेकला आणि आम्ही दोघांनी त्यांना ओढून बांधावर घेतलं.

"तिथे उतरायला कोणी सांगितलं?" हार्दिक चिडून म्हणाला.

"कोणी नाही. ही नकोच म्हणत होती," हे धापा टाकत म्हणाले.

खरं सांगायला माझी जीभ उचलली नाही. मला माझीच लाज वाटली.

परतताना ते माझ्या दुसऱ्या बाजूला, तळ्याकडून चालायला लागले.

"इकडून का?" मी विचारलं.

"तुला मगरीची भीती वाटते ना."