वहीत लिहिलं म्हणजे झालं

बाबांच्या गाडीचा किलोमीटरचा आकडा दोन लाख नव्याण्णव हजार आठशेवर आला तेव्हा आमच्या घरात पैज लागली. लावली बाबांनीच. आदल्या महिन्यात त्यांनी फाटकाचा खांब पाडला होता, आणि तो खांब तीस वर्षं एकाच जागी उभा असल्यामुळे त्याच्यावर दोष ढकलणं अवघड होतं. ताईने फोनवर फर्मान काढलं, "किल्ली काढून घे त्यांच्याकडून." ताई परगावी राहते. तिथून फर्मानं काढायला बरं पडतं. मी बाबांसमोर बसलो, घसा खाकरला, पाणी प्यायलो, हवेबद्दल बोललो. शेवटी त्यांनाच कंटाळा आला.

"ताईने सांगितलंय ना? ठीक आहे. तीन लाखांची मोठी सर्व्हिस आलीच आहे. मिस्त्री गाडी उघडतील, मी वही उघडतो. वहीत आणि गाडीत एक जरी फरक निघाला तर किल्ली तुझी. नाही निघाला, तर तू आणि तुझी ताई, दोघांनी तोंडं मिटायची."

मी लगेच कबूल झालो. बाबाच जिंकणार हे मला माहीत होतं आणि मनातून मला तेच हवं होतं. तरी ताईच्या धाकाने डुप्लिकेट किल्ली खिशात टाकलीच.

त्या वहीशी पैज म्हणजे भिंतीशी पैज. बाबा पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर होते. गाडी घेतली त्या दिवसापासून निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत त्यांनी वायपरच्या रबरापर्यंत सगळं नोंदवलं होतं. माझ्या पहिल्या दाताची नोंद कुठे सापडत नाही, पण त्या वर्षी बदललेल्या बल्बची सापडते. आणि त्यांची एक पद्धत होती. सर्व्हिसला निघण्याआधी, सकाळी, घरीच टेबलाशी बसून ते सगळी कामं लिहून टाकायचे. तीही झाल्यासारखी: 'ऑइल बदलले. फिल्टर बदलला.' आई म्हणायची, "अहो, अजून व्हायचंय ना?" बाबा म्हणायचे, "लिहिलं की करावंच लागतं." आईला जाऊन आता दोन वर्षं झाली.

मिस्त्रींची पद्धत वेगळी. वीस वर्षं आमची गाडी त्यांच्याच हाताखाली. नवा पार्ट बसवला की ते पांढऱ्या पेंटच्या पेनने त्यावर किलोमीटरचा आकडा घालायचे आणि मगच पाना खाली ठेवायचे.

सकाळी गाडी लिफ्टवर चढली आणि हजेरी सुरू झाली. बाबा स्टुलावर बसून वहीतून वाचत होते, मिस्त्री खालून टॉर्च मारून आकडा सांगत होते.

"पुढचे बुश?"

"दोन लाख दहा हजार, साहेब. आता संपलेत."

"बरोबर. इंजिन माउंटिंग?"

"एक लाख नव्वद."

"बरोबर."

दर 'बरोबर'ला बाबा माझ्याकडे बघत होते. मी हरत होतो आणि सुखात होतो. गिअरबॉक्सचं ऑइल उतरलं, ब्रेक ऑइल बदललं, कूलंट काढताना मात्र मिस्त्री थबकले.

"वॉटर पंप गळतोय साहेब."

"कसा गळेल? हे बघा. दोन लाख चाळीस हजार. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप बदलले. ऐंशी हजार चालायला हवेत. अजून वीस बाकी आहेत."

"वहीत आहे म्हणजे आहेच. पण पंप बघायचा तर बेल्टचं कव्हर काढावं लागेल."

हा बेल्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला रबरी पट्टा. तो तुटला की इंजिन जागच्या जागी संपतं, मग गाडी दारात असो की भर वेगात ट्रकच्या पुढे.

मिस्त्रींनी कव्हर काढलं, आत पाहिलं आणि टॉर्च बंद केला. वीस वर्षांत अर्ध्या कामात टॉर्च बंद करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"आकडा वाचा," बाबा म्हणाले.

"पुसलाय साहेब."

"तू वाच."

मी वाकलो. पट्ट्यावर वाळलेल्या चिखलासारख्या भेगा होत्या. पांढरा आकडा फिकट झाला होता, पण वाचता येत होता. डोळे अधू असल्याचं सोंग मला जमलं नसतं.

"एक लाख साठ हजार दोनशे," मी म्हणालो.

"माझाच हात चुकला असणार," मिस्त्री घाईने म्हणाले. "दोनाच्या जागी एक पडला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं ना त्या सुमारास."

"आणि चाळीसच्या जागी साठ?" बाबा म्हणाले. "अहो मिस्त्री, इतकं चुकायला ऑपरेशन डोळ्यांचं नाही, डोक्याचं लागतं."

हे बोलता बोलता त्यांचं बोट वहीतल्या त्या ओळीवर थांबलं. मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिले. हात केव्हाच पुसून झाले होते.

"मी मधे दोनदा विचारलं होतं साहेब, बेल्टचं काय म्हणून. तुम्ही वही दाखवलीत. मला काही आठवत नव्हतं. पण वहीत आहे म्हणजे मीच बदलला असणार, असं धरून चाललो."

बाबांनी वही मिटली.

"त्या दिवशी मी इथे आलोच नाही," ते म्हणाले. "पुलापर्यंत आलो. तिथून डावीकडे की उजवीकडे, ते आठवेना. कडेला गाडी लावून दुपारपर्यंत बसलो. मग घरचा रस्ता तेवढा आठवला. तुझ्या आईने विचारलं, झालं का काम? वहीत तर लिहिलेलंच होतं. म्हटलं, झालं."

"पण सांगितलं का नाहीत?"

"आधी लपवलं. मग लपवलंय हेही विसरलो. आत्ता तू आकडा वाचलास तेव्हा आठवलं." मिटलेल्या वहीकडे बघत म्हणाले, "त्यानंतर दोन वर्षं तिला घेऊन हिंडलो याच पट्ट्यावर. गाडीत बसली की झोपायची. म्हणायची, तुम्ही चालवताय ना, मग मी कशाला जागी राहू."

"पैज राहू दे बाबा," मी म्हणालो. "बेल्ट बदलू, विषय संपला. ताईला काही कळायचं कारण नाही."

"तू लहानपणापासून असाच. खांब पडला तर खांबाचीच समजूत घालशील." त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या. घराची आणि गाडीची एकाच रिंगमध्ये होत्या. ती घट्ट रिंग नखाने उघडायला त्यांना बराच वेळ लागला. मी आणि मिस्त्री, दोघांनीही हात पुढे केला नाही. गाडीची किल्ली त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवली.

"आणि खिशातली ती डुप्लिकेट बाहेर काढ आता. सकाळपासून मांडी चोळतोयस."

नवा बेल्ट चढेपर्यंत उन्हं उतरली. मिस्त्रींनी आकडा घातला. कव्हर लावण्याआधी बाबांनी टॉर्च मागून घेतला आणि तो आकडा स्वतः वाचला, दोनदा. मग बॉनेटवर वही टेकवून जुनी नोंद एका सरळ रेघेने खोडली आणि शेजारी लिहिलं, 'झाले नाही.' खाली सही केली. त्यानंतर आजच्या बेल्टची नोंद. काम झाल्यावर लिहिलेली त्या वहीतली ती पहिलीच.

ते शेजारच्या सीटवर बसले. सीटबेल्ट लावायला तिथलं बक्कल त्यांना सापडेना, कारण त्या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. मी लावून दिला. वाटेत "क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस" एवढंच बोलले.

पुलाशी आलो.

"इथून डावीकडे घे," बाबा म्हणाले. आवाज जुनाच, साइटवर माणसं हलवणारा.

घर उजवीकडे होतं. मी डावीकडे वळलो. पट्टा नवा होता. लांबून जायला हरकत नव्हती.