हळदीच्या गाण्यातला श्वास

मीनाबाईंची जुनी गाजलेली गाणी पुन्हा रेकॉर्ड करायची ठरली, तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी हळदीचं गाणं घ्यायला लावलं. तीस वर्षांपूर्वी कॅसेटसाठी ते गायल्या, तेव्हा दीक्षा पोटात होती, आठवा महिना होता. दुसऱ्या ओळीच्या ऐन मधे दम लागला आणि थांबून श्वास घ्यावा लागला. कॅसेट गावोगाव वाजली, पण ती खोट मीनाबाईंच्या मनाला लागून राहिली. यंदा ती ओळ एका दमात म्हणायचीच, असा त्यांचा हट्ट होता.

मंगळवार पेठेतल्या स्टुडिओत त्यांनी ती म्हटलीही. पण मागं कोरसला उभ्या असलेल्या पोरी मधेच थांबल्या आणि मागं पडल्या. तीनदा गाणं घेतलं, तीनदा तेच.

"झोपलाय काय गं?" मीनाबाई डाफरल्या.

"आई, तिथं थांबायचंच असतंय की," कोरसातली दीक्षा म्हणाली. "लग्नात सगळ्या बायका थांबत्यात. तेवढ्यात नवरीच्या गालाला हळद लावत्यात. तू पळत सुटलीस तर लावायची कवा?"

"ती चूक हाय माझी. तुझ्यामुळं झालेली!"

"व्हय, म्हणूनच ऱ्हाऊ दे की. तेवढंच माझं गाणं हाय त्यात."

पोरी हसल्या. मीनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. ओळीच्या मधे छातीत दम भरपूर होता, तरी त्या थांबल्या. या खेपेला कोणी मागं पडलं नाही.