बिनखाक्याचं चित्र

धारच्या जिनगर आळीत विठोबाच्या घरी आढ्याला एक कापडी बोचकं टांगलेलं असायचं. त्यात पणजोबांपासूनचे खाके होते. खाका म्हणजे टाचणीने भोकं पाडलेला कागद. तो कातड्यावर ठेवायचा, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून थोपटायची, की खाली ठिपक्याठिपक्यांनी वेल उमटते, वाघ उमटतो, देवी उमटते. मग ठिपके जोडायचे आणि रंग भरायचा. म्यान असो, ढाल असो की खोगीर, जिनगराचं चित्र खाक्यातून यायचं. खाका गेला की चित्र गेलं, असं विठोबा म्हणायचा. त्याचा बापही तेच म्हणायचा.

विठोबाची मुलगी मालन सव्वीस वर्षांची. नवरा प्लेगात गेला तेव्हापासून ती माहेरीच होती. बापाचे डोळे अधू झाले आणि चित्रं तिच्याकडे आली, नाव मात्र बापाचंच राहिलं. बाईने रंगवलेली ढाल हातात धरायला कोण तयार होणार? पण एका ढालीवरच्या वाघाची मान तिने खाका सोडून जराशी वळवली होती. ती ढाल देवासला गेली, आणि १९०७ सालच्या नवरात्रात देवासच्या एका मानकऱ्याचे कारभारी कृष्णाजी तिचा माग काढत धारला आले.

"हा वाघ कुणी काढला?" त्यांनी विचारलं.

"मीच," विठोबा म्हणाला.

कृष्णाजींनी त्याच्या पाणावलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग मालनच्या बोटांवरच्या हिरव्या रंगाकडे. "बरं, तुम्हीच. आमच्या धन्यांना दिवाणखान्याच्या भिंतीवर दसरा काढून हवाय. रेडा, तलवार, गर्दी, सगळं. नकला नकोत, त्या इंदुरात ढिगाने मिळतात. डोळ्यांनी बघून काढलेला नमुना दाखवा. पसंत पडला तर दोन वर्षांचं काम आहे."

जाता जाता त्यांनी आपल्या गावाची थट्टाही केली. देवास गाव एक आणि राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. "आमच्या धन्यांच्या वाड्याचं पुढचं दार एका राज्यात, मागचं दुसऱ्यात. पुढून शिपाई आला की माणूस मागून परदेशी जातो."

ते गेल्यावर विठोबा म्हणाला, "रेड्याचा खाका आपल्यात नाही. विषय संपला."

"मी बघून काढीन, आबा."

"बघून का कुणी काढतं? आणि बाईमाणसाने मान तुटताना बघायची?" त्याने तिच्या हातातला कोळसा हिसकून चुलीत टाकला. तो उठून गेल्यावर मालनने त्याच चुलीतून दुसरा कोळसा उचलला.

धारमध्ये उदाजीराव नावाचे सरदार होते. त्यांच्या देवीपुढे दसऱ्याला रेडा मारायची रीत होती. घरच्या मुलाने एकाच घावात मान उतरवायची. दुसरा घाव घालावा लागला तर वर्षभर घराला वाईट, असं सगळे धरून चालत. त्या वर्षी तलवार पहिल्यांदाच धाकट्या रघुजीच्या हाती आली होती. तिची मूठ विठोबाने चारच दिवसांपूर्वी नव्या कातड्याने बांधून दिली होती.

बायका गच्चीवरून बघत. सरदारांच्या पत्नी सगुणाबाई यांच्या डोलीवर मालनने मोर रंगवले होते, म्हणून त्यांनी तिला वर येऊ दिलं. तिच्या पदराखाली एक फळी होती, फळीवर जाड कागद.

खाली रेडा आणला. हळदीने पिवळा केलेला, शिंगांना झेंडू. नाकातली वेसण खुंट्याला बांधली आणि गळ्यातला दोर भगवंतने धरला. हा भगवंत सरदारांचे घोडे सांभाळायचा. दर आठवड्याला खोगिरं घेऊन विठोबाकडे यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "वाघीणबाई, झालं का?" आताही त्याने वर बघून मान हलवली.

ढोल वाढला. रघुजी पुढे आला. त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं. तलवार वर गेली तशा गच्चीवरच्या साऱ्या बायकांनी माना फिरवल्या. मालनची मानही वळायला लागली. तिने खालचा ओठ दातांत धरला आणि मान सरळ धरून ठेवली.

म्हणून तिला दिसलं. तलवार खाली येताना रघुजीने डोळे मिटले. तोंड खांद्याकडे वळवलं, लहान मूल कडू काढ्यापुढे वळवतं तसं.

घाव मानेवर पडलाच नाही. खांद्यात घुसला आणि तिथेच अडकला. रेडा ओरडला. एवढ्या मोठ्या जनावराच्या पोटातून असा बारीक आवाज निघेल असं मालनला कधी वाटलं नव्हतं. खुंटा उपटला गेला, वेसण फाटली, नाकपुडीही फाटली. "भागो रे भिया, भागो!" कुणीतरी किंचाळलं. ढोलवाला ढोलासकट पडला. रघुजी तलवार तशीच सोडून देवीच्या ओट्यावर चढला.

भगवंतने दोर सोडला नाही. रेडा वळला आणि त्याने शिंग भगवंतच्या बरगड्यांखाली घातलं. उचललं, आपटलं, पुन्हा उचललं. शिंगावरची झेंडूची माळ भगवंतच्या गळ्यात येऊन पडली.

सगुणाबाईंनी मालनचा दंड धरून ओढला. "बघू नको गं, आत चल."

मालनचे पाय हलले नाहीत. कोळसा कागदावर चालत होता. रघुजीचे मिटलेले डोळे, मुठीवरची पांढरी पडलेली बोटं, दोराला धरलेला भगवंतचा हात. आपण माणूस मरताना रेघा ओढतो आहोत हे तिला कळत होतं. पण हात थांबवला तर हे पुन्हा दिसणार नाही, हेही कळत होतं. शेवटी म्हाताऱ्या उदाजीरावांनी स्वतः भाला घेतला आणि रेड्याच्या कानामागे घातला. रेडा गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. भगवंत त्याच्याआधीच गेला होता.

सगळे रघुजीकडे बघत होते. तो ओट्यावरून उतरला आणि म्हणाला, "मूठ फिरली हातात. जिनगराने सैल बांधली होती."

विठोबाला गर्दीतून ओढून आणलं. उपटलेला खुंटा पुन्हा ठोकला आणि त्यालाच त्याला बांधलं. मारायला घोड्याच्या साजाची वादी घेतली. ती विठोबानेच शिवली होती. पहिला फटका बसला तसा तो म्हणाला, "दुहेरी शिवण आहे, सरकार, लवकर तुटायची नाही." शिपायांत कुणीतरी हसलं. पुढच्या फटक्यांनी सदरा फाटला, मग कातडी. मग तो बोलेनासा झाला.

मालन जिना उतरली. गच्चीपासून अंगणापर्यंत पंधरा पायऱ्या असतील, पण तेवढ्यात तिने पुष्कळ विचार केला. हा कागद दाखवला तर सरदाराच्या मुलाला भित्रा म्हटल्यासारखं होईल. नाही दाखवला तर बाप मरेल. आणि कागद गेला तर देवासही गेलं. ती उदाजीरावांपुढे जाऊन उभी राहिली. खुंट्यावरून विठोबाने मान हलवली, नको, नको. तिने फळी पुढे केली.

"मूठ फिरली नाही, सरकार. बोटं बघा. डोळे बघा."

उदाजीरावांनी बराच वेळ कागद बघितला. "विठोबाला एवढं दिसत नाही. कुणी काढलं?"

"मी." आजवर तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बाईने काढलेलं खरं मानणार का, आबासाहेब?" रघुजी ओरडला.

"तू गप." म्हातारा हळू आवाजात मालनला म्हणाला, "मूठ मी मघाच तपासली आहे. पक्की आहे. पोराने डोळे मिटले हेही मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी मीही मिटले होते, माझं नशीब चांगलं. पण अंगणात अर्धं धार उभं आहे. तलवार ज्याच्या हाती त्याच्याकडून चूक झाली, असं या घरात होत नसतं. समजलं?"

मालनला समजलं. खरं काय ते आधीच ठाऊक असलेल्या माणसाला ती खरं दाखवत होती.

"हे देवीपुढच्या होमात टाक," तो म्हणाला. "आणि घरातलं खाक्यांचं बोचकंही आण. त्यात रेडा असेल तर तोही जाऊ दे. जिनगर खाक्याशिवाय रेघ ओढत नाही, एवढं मला माहीत आहे. मग तुझा बाप सोडतो. नाहीतर वादी अजून तुटलेली नाही."

हे ऐकून विठोबाने डोकं वर केलं. "खाके नको, सरकार. पणजोबांचे आहेत. मला मारा. मालन, आणू नकोस, तुला माझी शपथ."

मालन घरी गेली, आढ्यावरचं बोचकं काढलं आणि घेऊन आली. होमकुंडापुढे बसून तिने एकेक कागद आत टाकला. वेल गेली, वाघ गेला, अष्टभुजा गेली. टाचणीच्या भोकांतून आधी बारीक उजेड दिसायचा, मग कागद काळा व्हायचा. विठोबा वादीच्या माराने रडला नव्हता, तो आता हुंदके देऊन रडू लागला. सर्वांत शेवटी तिने आपला कागद घातला. मिटलेले डोळे आगीत आक्रसले.

तेव्हा तिला एक नवल वाटलं. वेल आणि वाघ डोळ्यांपुढून पुसट झाले होते. पण आज बघितलेलं काहीच पुसट झालं नव्हतं. प्रत्येक बोट जागच्या जागी होतं.

नमुन्यासाठी दसऱ्यापर्यंत धारलाच थांबलेले कृष्णाजी दरवाज्याबाहेर घोडागाडीपाशी उभे होते. "नमुना?"

"होमात गेला."

"मग देवासला काय घेऊन येणार?"

"काही नाही. भिंत द्या."

"आणि भिंत नासली तर?"

"चुना फासा आणि आम्हाला हाकला."

कृष्णाजींनी तिच्या बापाच्या पाठीकडे बघितलं. "दवापाणी तरी कर त्यांचं आधी," ते म्हणाले, आणि गाडीत जागा केली.

विठोबा इंदूरपर्यंत तिच्याशी बोलला नाही. देवासला पोचल्यावर त्याने एवढंच म्हटलं, "तू मला वाचवलंस आणि माझं घराणं जाळलंस."

भिंत मोठी होती आणि पांढरी. मालन तीन दिवस तिच्यापुढे बसून राहिली. खाक्यात चूक होत नाही, कारण तिथे काही ठरवायचंच नसतं. इथे पहिली रेघ कुठे ओढायची हेही तिनेच ठरवायचं होतं, आणि चुकली तर सगळ्या गावाला दिसणार होती. चौथ्या दिवशी तिने भगवंतचा दोर धरलेला हात काढला. तो बरोबर आला. मग ती थांबली नाही. रक्त तिने उगाच जास्त घातलं नाही आणि कमीही केलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्रात चित्र पुरं होत आलं तशी बातमी धारला पोचली. एका सकाळी पुढच्या दारात घोडा थांबला. कृष्णाजी धावत आत आले. मालन लाकडी परांचीवर, माणसाच्या दीडपट उंचीवर बसून रंग देत होती.

"रघुजी आलाय. तलवार आहे हातात. माझं ऐक, मागच्या दाराने जा. चार पावलं टाकलीस की दुसरं राज्य. हत्यारासकट फिरायचा परवाना त्याला याच राज्याचा आहे, तिथे तुला हात लावता यायचा नाही."

"आणि भिंत?"

"भिंत काय खांद्यावर नेणार आहेस?"

"म्हणूनच बसते इथे," मालन म्हणाली. तिने पाय वर घेऊन मांडी घातली.

रघुजी आत आला. भिंतीवर तो स्वतः होता, डोळे मिटून, तोंड खांद्यावर वळवून. शेजारी शिंगावर उचललेला भगवंत. तो पुढे आला, आणि परांचीचा खांब एका लाथेसरशी हलला. रंगाचं मडकं खाली फुटलं. मालनने वरची कडी धरली.

"उतर."

"नाही उतरत, सरकार."

त्याने तलवार उचलली. आधी ती तिच्या दिशेने आली, इतकी जवळ की पात्यावर तिला आपला पदर दिसला. मग ती वळली आणि भिंतीवर पडली. चित्रातल्या मिटलेल्या डोळ्यांवरून आडवा, सरळ, खोल घाव. चुन्याचा पोपडा उडाला, विटेतून ठिणगी निघाली. त्याचं तोंड उरलंच नाही.

मालन त्याच्याकडे बघत होती. घाव घालताना त्याचा चेहरा कसा होतो ते तिला बघायचं होतं.

"सरकार," ती म्हणाली, "आज डोळे उघडे होते."

रघुजी जागच्या जागी उभा राहिला. त्याने भिंतीवरच्या भगवंतकडे बघितलं, दोराला धरलेल्या हाताकडे. तिथे तलवार लावली नाही. पातं म्यानात घालायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. मग तो आला त्याच दाराने निघून गेला.

मग कोपऱ्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला. विठोबा जमिनीवर बसून घमेल्यात चुना कालवत होता.

"भोक खोल आहे," तो म्हणाला. "दोन थर लागतील. वाळू दे, घाई करू नकोस." आणि चुन्यातून हात न काढता विचारलं, "डोळे कसे काढणार आता?"

"मिटलेलेच," मालन म्हणाली. "त्या दिवशी मिटलेलेच होते, आबा."