थर्लबींचा दगडी पूर्वज

आमच्या गिल्बर्ट थर्लबी साहेबांकडे सगळं होतं, फक्त पूर्वज नव्हता. मोडलेल्या मठाची जमीन आजोबांनी घेतली, वडिलांनी तिच्यावर मेंढ्या वाढवल्या, आणि साहेबांनी दारावर खानदानाची खूण म्हणून ढाल टांगली. निळ्या रंगावर तीन सोनेरी मेंढे. गावाने टोप्या काढल्या, विषय संपला.

पण त्या साली कुळं तपासायला राणीचा अधिकारी परगण्यात येणार होता. ज्याचं खानदान सिद्ध होत नाही त्याची ढाल उतरवायची आणि बाजाराच्या दिवशी चौकात नाव पुकारायचं, हा अमका खानदानी नाही म्हणून. साहेबांच्या मुलीचं, सिसिलीचं, लग्न एका लॉर्डच्या धाकट्या मुलाशी ठरलेलं. ढाल गेली की सोयरीकही गेली.

साहेब स्वतः माझ्या कारखान्यात आले. मी पाथरवट.

"रॉल्फ, मठाच्या पडक्या देवळात थडग्यावरचा एक दगडी सरदार पडलाय. तो माझा खापरपणजा."

"कधीपासून, साहेब?"

"मंगळवारपासून."

बैलगाडीत घालून सरदाराला आमच्या चर्चमध्ये आणलं. पायावर पाय टाकून निजलेला, म्हणजे धर्मयुद्धाला जाऊन आलेला. साहेब खूष झाले. त्याच्या ढालीवरची जुनी खूण मी तासून काढली, तिथे तीन मेंढे कोरले आणि चुन्यात काजळी कालवून ते जुने केले. साक्षीला गावातली सर्वांत म्हातारी बाई ठरली, ॲग्नेस पिली. साहेबांचे आजोबा तलवार लावून फिरत, एवढंच तिने सांगायचं. बदल्यात खारवलेल्या डुकराची अख्खी मांडी.

अधिकारी आला. लीथम नावाचा, किडकिडीत, सर्दी झालेला. अर्धं गाव चर्चमध्ये लोटलं. त्याने ढालीकडे पाहिलंच नाही. सरदाराच्या कमरपट्ट्यावर थुंकी लावून बोट फिरवलं. धुळीतून एकेक कोरलेला बगळा वर आला, नखाएवढा. सगळा पट्टा बगळ्यांनी भरलेला. ढाल तासली, पट्टा राहिला होता.

"हे तुमचे पूर्वज?" लीथमने विचारलं.

"सख्खे," साहेब छाती काढून म्हणाले.

"अभिनंदन. बगळा ही हॅर्नशॉ घराण्याची खूण. हे सर फुल्क हॅर्नशॉ. राजाविरुद्ध उठले, मान गमावली. त्यांच्या वंशजाने जमीन धरायची नाही, असेल ती सरकारजमा, असा हुकूम आहे. अजून मागे घेतलेला नाही." त्याने नाक शिंकरलं. "लिहू?"

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"थांबा! हा माझा कुणी नाही. मी याला ओळखतसुद्धा नाही!"

"आत्ता सख्खे होते."

"माझा आजा मेंढ्या भादरायचा हो! दुसऱ्यांच्या!"

"असं कुणीही म्हणेल," लीथम म्हणाला. "साक्षीदार?"

साहेबांनी गर्दीत पाहिलं. "ॲग्नेसमावशी, सांग ना यांना!"

म्हातारी सावकाश पुढे आली. "धनी, तलवारीचं सांगू का खरं सांगू?"

"खरं!"

"मांडी मिळेल ना तरी?"

"दोन देईन!"

"मग लिहा, साहेब. जमीन घेण्याआधी याचा आजा आमच्या गोठ्यात झोपायचा. अंगाला मेंढीचा वास यायचा म्हणून माझ्या बहिणीने त्याला नाही म्हटलं. पायात जोडा नव्हता, तलवार कुठली!"

एवढं ऐकून गावाला चेव आला. जो तो आजोबांची एकेक गरिबी आठवून सांगू लागला. कुणी म्हणालं, उष्टं खायचा. कुणी म्हणालं, बापाचा पत्ता नव्हता. प्रत्येक साक्षीला साहेब मान डोलवत होते, "बरोबर, अगदी बरोबर!" सिसिली खांबाआड उभी होती. सगळं गाव हसत होतं, ती एकटी हसली नाही.

लीथमने सगळं लिहून घेतलं. दारावरची ढाल त्याच दिवशी उतरली, आणि लॉर्डकडचा निरोप्या तिसऱ्या दिवशी आला.

शनिवारी चौकात दवंडीवाला नाव वाचायला उभा राहिला. साहेबांची लाज राखावी म्हणून बिचारा पुटपुटला.

गर्दीत सर्वांत पुढे साहेब स्वतः होते.

"अरे, तोंडात काय गवत आहे का?" ते ओरडले. "परगण्याला ऐकू जाऊ दे. पुन्हा वाच!"