सूक्ष्मदर्शक वर सरकतो आहे

ऑपरेशनच्या सूक्ष्मदर्शकाला एक लांब दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला भिंगांचं डोकं. डोक्याचं वजन आणि दांड्यातल्या स्प्रिंगचा जोर जुळला, की डोकं ठेवाल तिथे थांबतं. डोक्यावरचा एखादा भाग काढला, तर जोर पुन्हा जुळवावा लागतो. दहा मिनिटांचं काम.

त्या सकाळी भिंगवालीने ते केलं नाही. रुग्णालयातली यंत्रं सांभाळणाऱ्या त्या बाईंना सगळे भिंगवालीच म्हणत. मदतनीस डॉक्टरांच्या बघायच्या नळीत बुरशी दिसली, म्हणून तिने ती नळी काढून ठेवली. तेवढ्यात सात वर्षांच्या एका मुलीला घाईघाईने आत आणलं. कर्कटकाचं टोक डोळ्यात घुसलेलं, आणि दुसऱ्या डोळ्याने तिला जन्मापासून दिसत नव्हतं. भिंगवालीने दांड्याचा स्क्रू करकचून आवळला. चालून जाईल, असं तिला वाटलं.

दोन टाके होईपर्यंत चाललं. मग स्क्रू घसरला आणि हलकं झालेलं डोकं केसभर केसभर वर जाऊ लागलं. डॉक्टर पायाखालच्या पेडलने चित्र स्पष्ट करत राहिले. शेवटी पेडलचीही हद्द संपली.

“मला सगळं धूसर दिसतंय,” डॉक्टर म्हणाले. “काय केलंस?”

“नळी काढली, सर. जोर जुळवला नाही. यंत्र बाजूला घेऊ का?”

“डोळा उघडा आहे पोरीचा! चार टाके राहिलेत. खाली ओढून धर.”

तिने मागून दांडा ओढला. चित्र स्पष्ट झालं आणि लगेच हललं.

“श्वास घेऊ नकोस.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत.”

टाका पडला. “घे.” तिने अधाशासारखा श्वास घेतला. “धर.”

“जन्मात पहिल्यांदा गप्प उभी आहेस,” बाजूची सिस्टर कुजबुजली. कुणी हसलं नाही.

पाचव्या टाक्याला भिंगवालीचे दंड पेटले. सहावा झाला. डॉक्टरांनी डोळ्यावर रंगाचा थेंब टाकला. चौथ्या टाक्यापाशी रंगातून पाण्याची बारीक धार निघाली. जखम गळत होती.

“हा पुन्हा घालावा लागेल. जमेल?”

तिला बोटंच जाणवत नव्हती. “सिस्टर, माझी मनगटं दांड्याला बांध.”

“वेड लागलंय का तुला?”

“बांध गं बाई, पाया पडते!”

सिस्टरने बँडेजचे वेढे घातले. भिंगवालीने हात नुसते लोंबू दिले, त्यांच्या भारानेच दांडा खाली राहिला, आणि तिने श्वास धरला.

टाका नव्याने घालून डॉक्टरांनी पुन्हा रंग टाकला. धार आली नाही.

“दिसेल ना तिला, सर?”

“पट्टी काढल्याशिवाय नाही सांगता यायचं.” डॉक्टरांनी हातमोजे काढले. “बाहेर तिची आई आहे. तिला काय सांगू?”

“तुम्ही नका सांगू. माझी चूक मी सांगते.”

सिस्टरने तिचे हात सोडवले. दार उघडताच आई धावत आली. “ताई, वाचला ना हो डोळा?”

“आधी माझं ऐका,” भिंगवाली म्हणाली.