बाजाराच्या दिवशी सुट्टी घेणारा भूकंप

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. आणि ते स्वतःच्या तोंडानं बोलायचीही हिंमत नव्हती, म्हणून पुष्पांजलीच्या तोंडी घातलंत.

"सदर विहीर भूगर्भातील नैसर्गिक हालचालीमुळे ढासळली असून, परिसरात स्फोटांची नोंद नसल्याचे डॉ. पुष्पांजली यांच्या संशोधनातूनही दिसून येते." खाली तुमची हिरव्या शाईतली सही.

खदानींना परवानगी देणाऱ्या तुमच्या कार्यालयाचा हा अहवाल हातात धरून पुष्पांजली बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या आपल्या गावी, मायच्या ओट्यावर बसली होती. आत खाटेवर तिचा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर पडलेला. विजेची पाळी दुपारी दोनला लागायची, त्याआधी मोटार दुरुस्त करावी म्हणून तो शेतातल्या विहिरीत उतरला. एक वाजून दहा मिनिटांनी विहिरीची एक बाजू त्याच्यावर आली. खुब्याचं हाड गेलं. जीव राहिला, तो पाण्यात पडला म्हणून.

"तूच लिहिलं होतं ना व ताई, का इथं आवाज होत नाही म्हणून?" ज्ञानेश्वर आतून म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुष्पांजली शुक्राचा अभ्यास करते. शुक्रावर जमिनीची उष्णता एवढी की शिसं वितळावं. तिथं भूकंप मोजायचं यंत्र ठेवलं तर काही तासांत त्याचा निकाल लागतो. पण तिथली हवा भारी दाट. जमीन हलली की तो धक्का हवेत चढतो आणि वरपर्यंत जातो. वर, ढगांच्या उंचीवर, गारवा असतो. तिथं फुगा सोडायचा, त्याला हवेचा दाब मोजणारं यंत्र लावायचं आणि खालच्या जमिनीचं पोट हवेतूनच ऐकायचं. पुष्पांजलीची उमेदीची सगळी वर्षं या एका गोष्टीत गेली.

पण शुक्रावर जायच्या आधी यंत्र इथं तपासावं लागतं. त्यासाठी तिनं बापाच्या मागं राहिलेलं हेच शेत निवडलं. एक पेटी जमिनीत पुरली, तीन पेट्या बांधाच्या तीन कोपऱ्यांवर बांबूला बांधल्या. गावानं त्यांना नाव दिलं, शुक्राचे डबे. चारही पेट्यांच्या नोंदी एकाच मेमरी कार्डावर उतरायच्या. ज्ञानेश्वर दर महिन्याला ते काढायचा, बुलढाण्याला जाऊन त्यावरचं सगळं इंटरनेटनं बहिणीला पाठवायचा.

रोज एक वाजून दहा मिनिटांनी त्या नोंदींत एक मोठा धक्का असायचा. तो कशाचा, हे पुष्पांजलीला ठाऊक होतं. टेकडीपलीकडं रस्त्यासाठी दगड काढणारी खदान आहे. मजूर जेवायला बसले की सुरुंग उडतात. तिला शुक्रासाठी बारीक कुजबुज हवी होती, हा धडाका तिला नको होता. म्हणून दोन वर्षं तिनं तो पुसला. शोधनिबंधात कोष्टक दिलं, ठिकाण शांत. कोष्टकाखाली बारीक अक्षरांत लिहिलं, मानवनिर्मित गोंगाट वगळला आहे.

साहेब, तुम्ही कोष्टक उचललंत. खालची ओळ सोडून दिलीत. वाचता येत नाही म्हणावं, तर तेही नाही.

"मूळच्या नोंदी कुठायत?" सत्यभामाबाईनं विचारलं. पुष्पांजलीची माय, चौथी शिकलेली, पण मुद्द्यावर बोट ठेवणारी.

"जागा नव्हती माय. साफ केलेल्या ठेवल्या, बाकीच्या आमच्या संशोधन संस्थेनं काढून टाकल्या."

"मंग आता? सोमवारी खदानीले नवी परवानगी देऊन राह्यले. शेजारच्या चार विहिरी अजून उभ्या हायेत. त्यात कोन उतरीन, त्याचं नाव आताच लिहून ठेवू का?"

पुष्पांजलीनं हातातल्या कागदाची घडी घातली. आपल्याच गावचा आवाज तिनं कचरा म्हणून टाकला होता.

"माय," ज्ञानेश्वर म्हणाला, "तो डबा दे बरं ताईले. लाडवाचा."

सत्यभामाबाईनं फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत कार्डं. प्रत्येक कार्ड त्या त्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेलं.

पुष्पांजली बघतच राहिली. "मी तर पुसून परत वापर म्हटलं होतं. तू दर महिन्याला सांगायचास, कार्ड खराब झालं, नवं पाठव."

"हाव. चोवीस खराब झाले."

"चोवीस? आणि मी पाठवत राहिले?"

"तू शुक्रावर राह्यते, तुले काय समजते," तो म्हणाला, आणि हसताना दुखलं तसा थांबला. "पुसाचा जीव नाही झाला व. महिनाभर त्या डब्यायनं ऐकलं. आपन काऊन पुसावं?"

तीन दिवस पुष्पांजली त्या कार्डांसमोर बसली. दर वेळी तेच. आधी जमिनीतली पेटी हलते. मग सहा सेकंद काही नाही. मग हवेतला धक्का, आणि तिन्ही पेट्यांवरून पाहिलं तर तो खदानीच्याच दिशेनं आलेला. धक्का दगडातून धावत येतो, आवाज हवेतून मागाहून येतो. सहा सेकंदांचं अंतर म्हणजे दोन किलोमीटरच्या थोडं पुढं, नेमकी खदान आहे तिथं. पायाखालचा भूकंप असता तर हे सहा सेकंद आलेच नसते.

"त्याले यंत्र कायले पाह्यजे," सत्यभामाबाई म्हणाली. "पहिले फळीवरचे भांडे वाजते. मंग सहा मोज. मंग धडाका."

आणि कॅलेंडरच्या पानांवर ज्ञानेश्वरनं पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या. ज्या दिवशी धडाका झाला त्या दिवशी फुली. आठवड्यातला एक दिवस मात्र कोरा. पुष्पांजलीनं कार्डं ताडून पाहिली. दोन वर्षांत त्या दिवशी एकही धक्का नाही. तो धाडच्या बाजाराचा दिवस. खदानीचे मजूर त्या दिवशी बाजाराला जातात.

तुमचा माणूस पाहणीला आला, साहेब, तोही बाजाराच्याच दिवशी.

सोमवारी पुष्पांजली तुमच्या टेबलासमोर उभी राहिली. डबा, आलेख, कॅलेंडरची पानं, सगळं मांडलं. तुम्ही चष्मा वर केलात.

"मॅडम, ही यंत्रं परग्रहासाठीची. शुक्राची. इथल्या बाबतीत ती प्रमाणित नाहीत."

"तुमच्या अहवालात माझ्या निबंधाचा दाखला आहे. तो निबंध याच यंत्रांवर लिहिलाय."

"तो छापील आहे."

"म्हणजे मी चूक केली तेव्हा यंत्र खरं होतं, आणि चूक सुधारली तर यंत्र शुक्राचं?"

तुम्ही शिपायाकडं पाहिलंत. शिपाई खिडकीकडं पाहायला लागला.

"हे बघा, भावाला इजा झाली म्हणून तुम्ही भावनेच्या भरात आहात."

"आहेच. दोन वर्षं नव्हते, म्हणून विहीर त्याच्यावर आली. निबंधातली चूक माझी आहे. ती मी छापून मान्य करणार आहे, तसं पत्र काल पाठवलं. त्याची ही प्रत. आता तुमची चूक राहिली."

"परवानगीची फाइल वर गेलीय."

"मग खाली बोलवा."

तिनं अर्ज पुढं सरकवला. त्यात एकच प्रश्न होता. आवक शिक्का पडेपर्यंत ती हलली नाही, आणि शिक्का पडल्यावरही बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. सत्यभामाबाई तिथं आधीच बसलेली, मांडीवर भाकरीचं फडकं. संध्याकाळपर्यंत पुरेल एवढ्या भाकरी तिनं आणल्या होत्या. उद्याही आणणार आहे.

शुक्राची जमीन कधी हलते, ते पुष्पांजली शोधून काढेल, तिला घाई नाही. प्रश्न इथला आहे आणि तुमच्या टेबलावर आहे. रोज एक वाजून दहा मिनिटांनी येणारा तुमचा हा नैसर्गिक भूकंप बाजाराच्या दिवशी कुठं जातो? लिहून द्या, साहेब. सहीसकट.